ठिगळांची वंशावळ

अरबीत 'सूफ' म्हणजे लोकर आणि 'खिरका' म्हणजे चिंधी. इस्लाममधल्या अंतर्मुख साधकांना आपण सूफी म्हणतो ते पहिल्या शब्दावरून. गुरू शिष्याच्या अंगावर जो झगा चढवतो त्याला दुसऱ्या शब्दाने ओळखतात. 'सूफी'ची दुसरी मुळेही अनेकांनी शोधली. कुणी मदिनेच्या मशिदीतल्या ओट्याकडे, 'सुफ्फा'कडे बोट दाखवले, कुणी 'सफा' म्हणजे निर्मळपणाकडे. हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल बिरुनीने तर ग्रीकांच्या 'सोफिया'पर्यंत, म्हणजे शहाणपणापर्यंत, धागा नेला. पण व्याकरणाच्या कसोटीला लोकरच उतरते. या परंपरेच्या मुळाशी एक घोंगडी आणि एक चिंधी आहे, आणि तिचा इतिहास मला ग्रंथांपेक्षा या कापडात जास्त स्पष्ट दिसतो.

ही गोष्ट सुरू होते इराकातल्या बसऱ्यात. सातव्या शतकात अरब फौजांनी इराण आणि सीरिया जिंकले, लुटीचा आणि खंडणीचा पैसा छावणीच्या गावांत ओतला गेला. दमास्कसला उमय्या घराण्याचा दरबार थाटला. वाळवंटातून आलेल्या माणसांच्या मुलांच्या अंगावर रेशीम आणि जरतार आले. ज्यांना हे सोसवेना त्यांनी जाडीभरडी लोकर पांघरली. ती स्वस्त होती, अंगाला टोचत होती, आणि त्या मुलखातले ख्रिस्ती जोगीही लोकरच वापरत. हे साम्य त्या काळीच लोकांच्या डोळ्यांत आले होते. बसऱ्याचे इब्न सीरीन हे मोठे धर्मपंडित या लोकरवाल्यांवर नाराज होते. हे लोक येशूचे अनुकरण करतात, आपले पैगंबर सुती वापरत आणि मला त्यांचीच रीत प्यारी, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे नोंदलेले आहे.

त्याच गावात हसन बसरी राहत. जन्म 642चा, मदिनेतला, मृत्यू 728चा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूफी परंपरेने आपली मुळे त्यांच्यापाशी नेऊन टेकवली. पैगंबरांच्या बाजूने बद्रच्या लढाईत लढलेल्या कितीतरी जुन्या माणसांना मी लोकर पांघरलेली पाहिली आहे, असे ते सांगत. पण लोकर मिरवणाऱ्यांवर सर्वांत कडक शब्दही त्यांच्याच नावावर आहेत: यांनी नम्रता अंगावर घातली आणि गर्व आत दडवला, रेशमी शालवाल्याला शालीचा नसेल एवढा यांना घोंगडीचा ताठा आहे. या वस्त्राच्या पुढच्या सगळ्या इतिहासातली दुखरी नस इथेच, अगदी पहिल्या पिढीत, सापडते. गरिबीचे कापड दिसते, आणि जे दिसते ते मिरवता येते.

तोवर हे वस्त्र कुणी कुणाला द्यायचे असते अशी कल्पना नव्हती. ज्याला वाटे तो पांघरे. बसऱ्याच्या राबियांनी (मृत्यू 801) ईश्वराच्या भीतीच्या जागी प्रेम आणून ठेवले, पण त्यांना कुणी झगा दिला अशी जुनी नोंद नाही. नवव्या शतकात केंद्र बगदादला सरकले. तिथले जुनैद (मृत्यू 910) कच्च्या रेशमाचा व्यापार करत आणि विद्वानांचा साधा वेश घालत. त्यांच्याबद्दल तीन शतकांनी फारसी कवी अत्तारांनी लिहिलेली एक आठवण मला फार आवडते. लोक म्हणाले, तुम्ही ठिगळांचा झगा का घालत नाही? जुनैदांनी उत्तरात दोन शब्दांची सांगड घातली, 'खिरका' आणि 'हुरका'. हुरका म्हणजे होरपळ. अरबी लिपीत या दोन शब्दांत फरक आहे तो फक्त एका टिंबाचा. ते टिंब काढले की चिंधीची जागा आतली आग घेते, आणि जुनैदांना मोल होते ते त्या आगीचे.

जुनैदांच्या भोवतालच्या मंडळींत मन्सूर हल्लाज वावरले. 'हल्लाज' म्हणजे पिंजारी. त्यांनी सूफी वेश घेतला आणि पुढे उतरवूनही टाकला, सामान्य माणसाचे कपडे घालून ते बाजारात उभे राहून बोलू लागले. 922मध्ये बगदादेत त्यांना हाल करून मारण्यात आले. त्यांच्या मृत्यूबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला त्यांचे झगा उतरवणेही तितकेच महत्त्वाचे वाटते, कारण त्यावरून कळते की दहाव्या शतकाच्या तोंडावर हा वेश एका मंडळाची खूण होऊन बसला होता. उतरवण्याला अर्थ आला, तो घालण्याला अर्थ आला होता म्हणूनच.

त्या खुणेचे शिवणकाम जवळून पाहायचे असेल तर लाहोरला जावे लागते. गझनीहून आलेले हुजवेरी अकराव्या शतकात तिथे राहिले, तिथेच वारले. आजही त्यांच्या दर्ग्याला लोक दाता दरबार म्हणतात. त्यांच्या 'कश्फुल महजूब' या फारसी ग्रंथात ठिगळांच्या झग्यावर वेगळे प्रकरण आहे. झगा निळा का? त्यांची कारणे साधी आहेत: फिरत्या माणसाचा पांढरा कपडा स्वच्छ राहत नाही आणि धुणेही सोपे नसते, शिवाय निळा हा शोकाचा रंग. मग ते टाक्यांवर येतात. ठिगळ कसे लावावे यावर सूफींत दोन मते होती. एका पक्षाचे म्हणणे, सुई जिथून वर निघेल तिथून दोरा ओढावा, नीटनेटकेपणाच्या नादी लागू नये. दुसऱ्याचे म्हणणे, टाके सरळ आणि एकसारखे हवेत, कारण हातातले काम चोख करणे हाही साधनेचाच भाग. ज्याने घरात वाकळ शिवताना पाहिली आहे त्याला हा वाद लगेच कळेल. जुन्या लुगड्याचे धडके तुकडे निवडून सरळ धावदोरा घालणारी आजी आणि फाटेल तिथे ठिगळ डकवणारी आजी, दोघींच्या वाकळा सारख्याच उबदार असतात. हुजवेरींनी एका दरवेशाबद्दल हेही लिहून ठेवले आहे की त्याच्या झग्याला ठिगळांचे आणि टाक्यांचे थर इतके चढले होते की त्यांत विंचू घर करत. आणि मग ते कळवळून लिहितात, की लोक आता हा वेश मानासाठी घेतात.

शंभर-सव्वाशे वर्षांनी बगदादचे इब्न अल जौझी (मृत्यू 1201) याच गोष्टीवर तुटून पडले. दोन-तीन रंगांचे चांगले नवे कपडे घ्यायचे, कापायचे आणि त्यांचे तुकडे जोडून 'ठिगळांचा' झगा शिवायचा, असा प्रकार त्यांच्या डोळ्यांसमोर चालला होता. धडके कापड फाडून गरिबी शिवणे त्यांना सैतानाची फसवणूक वाटली. मला त्यांचा राग पटतो.

पण एवढ्या काळात खिरक्याचे काम बदलून गेले होते. मराठी वाचकाला हे सांगायला फार खटाटोप नको, कारण 'पेशवाईची वस्त्रे मिळाली' हे आपण आजही सहज म्हणतो. 1713मध्ये बाळाजी विश्वनाथांना शाहू महाराजांनी दिली ती वस्त्रे म्हणजे अधिकार. या रीतीचे एक मूळ अब्बासी दरबारात आहे. खलिफाच्या कारखान्यांत विणलेल्या कापडाच्या काठावर त्याचे नाव असे, आणि मर्जीतल्या माणसाला तो असे मानाचे वस्त्र, 'खिलअत', देई. घालणारा तेव्हापासून त्याचा माणूस. सूफींनी हीच रीत उचलली आणि तिच्यात रेशमाच्या जागी चिंधी ठेवली. गुरूने झगा घातला की शिष्य त्याच्या सांप्रदायिक घराण्यात आला. दरबाराकडे पाठ फिरवलेल्या माणसांनी दरबाराचाच विधी उलटा करून घेतला, ही मला या सगळ्या मागोव्यातली सर्वांत विलक्षण जागा वाटते. तिथेच पुढच्या सगळ्या गुंत्याचे बीजही आहे.

घराणे म्हटले की वंशावळ आली. बगदादचा पुस्तकांचा धंदा करणारा इब्न अल नदीम याच्या 987च्या ग्रंथसूचीत जाफर अल खुल्दी या सूफीची गुरुपरंपरा आली आहे. ती जुनैदांवरून मागे जात हसन बसरींपर्यंत पोचते आणि तिथून पैगंबरांचे सेवक अनस यांच्याकडे वळते. पुढच्या शतकांत बहुतेक साखळ्यांनी अनस यांची जागा पैगंबरांचे जावई हजरत अली यांना दिली, आणि अलींनी हसनना खिरका घातला अशी कथा रुजली. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, कडक अभ्यासकांनी तिला मान्यता दिली नाही. हसन मदिनेत होते तेव्हा जेमतेम मिसरूड फुटण्याच्या वयाचे, भेट झाली असेल तर किती, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. सूफींनी मात्र साखळी सोडली नाही.

बगदादच्या शिहाबुद्दीन उमर सुहरावर्दींनी (1145–1234) नियम घालून दिले. खिरका दोन प्रकारचा. एक 'इरादत'चा, म्हणजे पूर्ण शरण आलेल्या शिष्याचा; तो एकाच गुरूकडून घ्यायचा. दुसरा 'तबर्रुक'चा, आशीर्वादापुरता. तो कुणालाही, कितीही जणांकडून मिळू शकतो. त्याच सुमारास अंदालुसहून पूर्वेला आलेल्या इब्न अरबींना आधी हा सगळा विधीच तितकासा मान्य नव्हता. 1204मध्ये मोसलला एका साधूने त्यांना खिरका घातला; त्या साधूला तो खिज्रने, त्या अमर वाटाड्याने, घातलेला होता, अशी श्रद्धा. तेव्हापासून तेही घालू लागले. त्यांच्या काव्यसंग्रहात अशा दीक्षांचे उल्लेख आहेत. त्यांत पंधरा शिष्य येतात आणि त्यांतल्या चौदा बायका आहेत.

हा आकडा लक्षात ठेवून पंजाबात, अजोधनला यावे. आजचे पाकपट्टण. तिथे तेराव्या शतकात बाबा फरीद राहत. त्यांची मुलगी बीबी शरीफा हिच्याबद्दल ते म्हणत, की बाईला गादी देण्याची रीत असती तर मी हिलाच दिली असती. दोघे एकाच शतकातले, एकाच मार्गातले. एकाने चौदा जणींच्या अंगावर वस्त्र घातले आणि दुसऱ्याचा हात पोटच्या मुलीपाशी येऊन थांबला. बाबा फरीदांबद्दल माझ्या मनात अपार माया आहे, म्हणून हे वाचताना जीव चुटपुटतो.

कारण चिंधीचा खरा अर्थ त्यांच्या घरात जिवंत होता. चिश्ती परंपरा हेरातजवळच्या चिश्त गावची. ख्वाजा मुईनुद्दीनांनी ती अजमेरला आणली. ते 1236मध्ये वारले. त्यांचे शिष्य कुतुबुद्दीन बख्तियार काकी त्याआधीच, 1235मध्ये, दिल्लीत गेले. सूफी बैठकीतले गाणे ऐकता ऐकता त्यांचा अंत झाला. आपला खिरका, काठी, बैठकीची चटई आणि लाकडी खडावा फरीदला द्या, असे ते सांगून गेले होते. फरीद तेव्हा हांसीला होते, काही दिवसांनी पोचले, आणि काझी हमीदुद्दीन नागौरींनी त्यांच्या हाती ते सारे सोपवले. एवढा वारसा मिळालेल्या माणसाचे अंथरूण कसे होते ते त्यांचे शिष्य निजामुद्दीन यांनी पुढे सांगितले आहे. दिवसा बसायला जी घोंगडी, तीच रात्री खाटेवर. ती पायांपर्यंत पुरत नसे. पायांकडे दुसरे एक कापड ठेवत, आणि ते जरा वर ओढले की तेवढी खाट उघडी पडे. उशाला गुरूची काठी.

खुद्द निजामुद्दीन तरुणपणी अजोधनला आले तेव्हा त्यांच्याजवळ साबणापुरतेही पैसे नसत. कपडे मळलेले, सदरा गळ्यापाशी फाटलेला. गुरूच्या घरच्या वर्तुळातल्या बीबी रानींना ते पाहवले नाही. त्यांनी आपली ओढणी दिली, म्हणाल्या, हे गुंडाळून बसा, मी कपडे धुऊन देते. कपडे धुतले, वाळवले, आणि नवऱ्याच्या पागोट्यातून तुकडा काढून सदऱ्याला ठिगळ लावले. हे लिहून ठेवले त्यांच्याच नातवाने, अमीर खुर्द यांनी, 'सियरुल औलिया'त. निजामुद्दीनांना पुढे गुरूचा खिरका मिळाला, दिल्लीत त्यांच्या दारी सुलतानांचे दूत आले. तरी खिरक्याच्या तेराशे वर्षांत मला सर्वांत खरे ठिगळ बीबी रानींनी लावलेलेच वाटते. त्याला ना रंगाचा नियम होता ना टाक्याचा. पोरगा उघडा बसला होता, एवढेच कारण.

निजामुद्दीनांच्या बैठकींची टिपणे कवी अमीर हसन सिजझी 1308 ते 1322 या काळात घेत होते. 'फवाइदुल फुआद' हे त्या 188 बैठकींचे पुस्तक. त्यात खिरक्याच्या उगमाची एक गोष्ट आहे. पैगंबरांना स्वर्गारोहणाच्या रात्री एक वस्त्र मिळाले. परतल्यावर त्यांनी चौघा सोबत्यांना एकेक करून विचारले, हे तुला दिले तर काय करशील? अबू बक्र म्हणाले, सच्चेपणाने वागेन. उमर म्हणाले, न्याय करीन. उस्मान म्हणाले, दानधर्म करीन. अली म्हणाले, लोकांचे दोष झाकीन. वस्त्र अलींना मिळाले. फारसीत याला 'पर्दापोशी' म्हणतात. मराठीत आपण 'पांघरूण घालणे' म्हणतो, आणि हल्ली तो शब्द लबाडी दडपण्यासाठीच वापरतो. या गोष्टीत त्याचा जुना, माउलीचा अर्थ शाबूत आहे: उघड्या पडलेल्या माणसावर कुणीतरी येऊन घातलेले पांघरूण.

निजामुद्दीन 1325मध्ये गेले. दिल्लीची गादी नसिरुद्दीन, ज्यांना चिराग-ए-दिल्ली म्हणतात, त्यांच्याकडे आली. त्यांनी 1356मध्ये मरताना कुणालाच वारस नेमले नाही. खिरका छातीवर ठेवा, काठी बाजूला, जपमाळ बोटाभोवती, लाकडी वाडगा डोक्याखाली, असे सांगून ठेवले, आणि बाबा फरीदांकडून आलेला तो सारा ठेवा त्यांच्याबरोबर मातीत गेला. त्यांना न्हाऊ घालणारे शिष्य गेसूदराज होते. परंपरा सांगते, की ज्या खाटेवर न्हाऊ घातले तिचे सुंभ सोडवून त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातले आणि म्हणाले, माझा खिरका हाच. ते 1398मध्ये, तैमूर दिल्लीवर येण्याच्या आत, दख्खनकडे निघाले. 1422मध्ये गुलबर्ग्याला वारले, तिथेच त्यांचा दर्गा आहे.

दख्खन त्यांना नवी नव्हती. मुहम्मद तुघलकाने 1327च्या सुमारास दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा दिल्लीचे कितीतरी सूफी, कवी, कारकून इकडे आले, आणि छोटे गेसूदराज वडिलांबरोबर त्याच लोंढ्यात होते. निजामुद्दीनांचे वयोवृद्ध शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब आले आणि 1337मध्ये इथेच गेले. त्यांच्या मागून शिराझचे जैनुद्दीन बसले, ते 1369मध्ये वारले. देवगिरीच्या डोंगरामागची ती जागा म्हणजे आजचे खुलताबाद. जैनुद्दीनांच्या दर्ग्याला लोक 'बाईस ख्वाजा' म्हणतात, कारण साखळीत ते बाविसावे. त्यांनीही तेविसावा नेमला नाही. दिल्लीत आणि खुलताबादेत, तेरा वर्षांच्या अंतराने, दोघांनी साखळी आपल्यापाशी थांबवली.

खानदेशात मात्र वेगळेच घडले. फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा जैनुद्दीनांचा शिष्य होता, आणि त्यांच्याकडून मिळालेला खिरका त्याने आपल्या मुलाला दिला, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. तो राज्याच्या वारसाकडून वारसाकडे दोनशेहून अधिक वर्षे उतरत राहिला. तापीकाठचे बुऱ्हाणपूर आणि समोरचे जैनाबाद या दोन गावांची नावे याच दोघा गुरूंची. थाळनेरला, शिरपूर तालुक्यात, फारुकींच्या कबरी अजून उभ्या आहेत. फकिराचा खिरका इथे पुन्हा खिलअत झाला, राजाचे वस्त्र झाला. जानेवारी 1601मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला, शेवटचा बहादूरखान कैद झाला, आणि फरिश्त्याच्या कहाणीत ते वस्त्रही तिथे संपते.

अशी वस्त्रे दुसरीकडे मात्र अजून आहेत. पैगंबरांचे मानले जाणारे एक वस्त्र इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. ज्या तुर्कस्तानात ते आहे तिथेच 1925च्या कायद्याने सूफी मठ बंद झाले आणि दरवेशांचा वेश घालायलाही मनाई झाली. दुसरे कंदाहारला. पानिपतावर मराठ्यांशी लढलेल्या अहमदशहा अब्दालीने ते 1768मध्ये बुखाऱ्याहून आणले. 1996मध्ये तालिबानचा प्रमुख मुल्ला उमर ते हातात घेऊन कंदाहारच्या एका गच्चीवर उभा राहिला आणि जमावाने त्याला मोमिनांचा सरदार म्हणून पुकारले. ज्याच्या राजवटीत पुढे गाणेही गुन्हा ठरला त्याच्या हातात ते कापड मला पाहवत नाही.

एक आपल्याकडे आहे, खुलताबादला, बाईस ख्वाजांच्या दर्ग्यात. 'पैराहन-ए-मुबारक'. दिल्लीचा ठेवा नसिरुद्दीनांबरोबर पुरला गेला असे दिल्लीकर मानतात, आणि हे वस्त्र गुरुपरंपरेनेच जैनुद्दीनांपर्यंत आले असे खुलताबादकर. दोन्ही श्रद्धा साडेसहाशे वर्षे शेजारी नांदल्या आहेत. संभाजीनगरहून वेरूळला जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात त्या औरंगजेबाची कबर पाहायला. ती याच आवारात आहे, उघडी, मातीची; त्याला याच दर्ग्याच्या सावलीत पुरले जायचे होते. बहुतेक लोक तेवढी पाहून पुढे जातात. पैराहन वर्षातून एकदा, रबिउल अव्वलच्या बाराव्या तारखेला, लोकांना दाखवतात. तेव्हा रांग गावाच्या रस्त्यावर येते. मग ते पुन्हा ठेवून देतात. कुणाच्या अंगावर ते चढत नाही.

अलींच्या पांघरुणाची गोष्ट ज्याने लिहून ठेवली तो अमीर हसनही तुघलकाच्या लोंढ्यात दौलताबादला आला होता, आणि परत गेला नाही. त्याची कबर खुलताबादच्या वेशीबाहेर आहे.